‘अन्नदा’च्या पत्त्यावर

सिंदी (रेल्वे), जि. वर्धा
ता. १५ डिसेंबर १९५७

चि. प्रेमदास यास मामा चिंधूचे अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

पत्राच्या माथ्यावर काही खोडलेलं दिसेल, त्याचा भलता अर्थ काढू नकोस. चाळीस वर्षं तिथे ‘श्री’ घातला, दीक्षेला वर्ष होऊन गेलं तरी हात तिकडेच जातो. आजही गेला, मग खोडला.

इकडची खुशाली लिहावी अशी नाही. तुझ्या मामीच्या पोटात गोळा झाला आहे. वर्ध्याच्या दवाखान्यात आठ दिवस ठेवली होती. डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, कापून उपयोग नाही, घरी न्या, खावंसं वाटेल ते खाऊ द्या. किती दिवस म्हणून विचारलं, तर म्हणाले की होळी पाहील असं वाटत नाही. हे मी तिला सांगितलेलं नाही. पण आपण जे सांगत नाही तेच धुरपताला आधी कळतं, ही तिची जुनी खोड तुला ठाऊक आहे.

तिचं मागणं एकच आहे. पोटच्या पोराला, लहानूला, एकदा डोळ्यांनी पाहायचं. तीन वर्षं झाली त्याला जहाजावर जाऊन. तुझ्यावर राग नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. तू त्याला गोदीत लावतो म्हणून नेलंस, आणि गोदीतून तो पाण्यात गेला. विहिरीत उतरायला भिणारा पोरगा, आणि आता म्हणे जहाजाच्या भटारखान्यात शंभर माणसांचा भात शिजवतो.

लक्ष्मणराव अडत्यांच्या दुकानात मुंबईचा पेपर दोन दिवस शिळा येतो. कापसाच्या गठाणी जहाजाने जातात, म्हणून जहाजांची ये-जा ते बारकाईने पाहतात. मी सत्तावीस वर्षं कापूस दाबायच्या प्रेसमध्ये गठाणीवर मार्का मारला, त्या ओळखीवर मला पायरीवर बसू देतात. काल त्यांनी वाचून दाखवलं की रसदेचं जहाज ‘अन्नदा’ एडनहून निघालं आहे, २९ तारखेला मुंबईत लागेल. तेच ना आपलं? लढाऊ जहाजांना धान्य, कोळसा, पाणी नेऊन देतं ते? मी दोनदा वाचायला लावलं.

तर तू २९ ला गोदीच्या दारात उभा राहा. त्याला तिथूनच धर आणि मेलमध्ये बसवून दे. मेल सिंदीला थांबत नाही, वर्ध्याला उतरायचं हे त्याला आठवण करून दे. झोपला तर नागपूरला जाईल.

मामावर जीव ठेवतोस तसाच ठेव.
तुझा मामा,
चिंधू


मुंबई, नायगाव
ता. २ जानेवारी १९५८

ती. मामांना प्रेमदासचा नमस्कार आणि जय भीम. मामीला माझा नमस्कार वेगळा सांगा, तुमच्यातला अर्धा काढून देऊ नका.

मामा, मी तुमच्या सांगण्याप्रमाणे गोदीच्या दारात उभा होतो, पण जहाज गोदीला लागलंच नाही. सिलोनात मोठा पूर आला आहे, तुम्ही पेपरात ऐकलं असेल. सरकारचा हुकूम आला आणि ‘अन्नदा’ बाहेर पाण्यातच उभी केली. तांदूळ, घोंगड्या, धोतरं, औषधाच्या पेट्या, दुधाची भुकटी, असा सगळा माल पडावांतून, म्हणजे माल नेणाऱ्या होड्यांतून, नेऊन तिच्यात चढवला. खलाशांपैकी एकालाही खाली उतरू दिलं नाही.

मी पोती मोजणारा कारकून. साहेबाच्या हातापाया पडून दुसऱ्या दिवशीच्या पडावावर माझी नेमणूक करून घेतली. जहाजाखाली गेल्यावर ओरडून लहानूला बोलवायला सांगितलं. तो कठड्याशी आला. अंगानं भरला आहे, काळा झाला आहे, हात कणकेचे होते. मी खालून ओरडलो की मामीचं दुखणं मोठं आहे, डॉक्टरांनी हात टेकले. वारा होता, मला तीनदा ओरडावं लागलं. तिसऱ्यांदा त्याला ऐकू आलं हे मला त्याच्या उभं राहण्यावरूनच कळलं.

तो आत कप्तानाकडे गेला. अर्ध्या तासाने परत आला. कप्तान वाईट माणूस नाही, पण त्याच्या खणात ‘माय अत्यवस्थ’ अशा तारांचा गठ्ठाच आहे, जहाज सुटायच्या दिवशी निम्म्या खलाशांच्या माया आजारी पडतात म्हणे. म्हणून तारेवर त्याचा भरवसा नाही. वडिलांच्या हातचं पत्र कोचीनला आलं तर तिथून सुट्टी देतो, असं बोलला आहे. सिलोनला माल उतरवून जहाज कोचीनला पुन्हा भरायला येणार आहे. लहानू वरून मला ओरडून म्हणाला, “मायले सांग, एक खेप करून येतो. तोवर थांब म्हना.”

३१ ला जहाज गेलं. तुम्ही लगेच पत्र लिहा आणि माझ्याकडे पाठवा, मी इथून कोचीनच्या बंदर कचेरीत नीट पोचेल असं करतो.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.
आपला भाचा,
प्रेमदास


सिंदी (रेल्वे)
ता. ९ जानेवारी १९५८

चि. प्रेमदास यास मामाचे आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. पाच दिवस लागले. तुझ्याकडे पत्र पाठवायचं, मग तू ते कोचीनला पाठवायचं, म्हणजे होळीच. म्हणून मी कालच थेट कोचीनला कार्ड टाकलं. रागावू नकोस. तू २९ ला दारात उभा होतास आणि जहाज दुसरीकडेच उभं होतं, हे मला दोन दिवस पचलं नाही.

लक्ष्मणरावांच्या भिंतीवर विमा कंपनीचं कॅलेंडर आहे, त्यावर समुद्राचा नकाशा आहे. मी रोज जाऊन त्यावर सूत धरतो. मुंबई ते कोलंबो बोटभर भरतं. सिंदी ते मुंबई त्याच्या निम्मंच भरतं, आणि ते आगगाडीनं एका रात्रीत होतं. मग जहाजाला एवढे दिवस काऊन लागतात? लक्ष्मणराव हसतात. म्हणतात, चिंधू, समुद्रात रूळ नाहीत. त्यांचं हसणं बरोबर आहे, पण मला हसू येत नाही.

पेपरात आलं की तिकडे लोक छपरावर बसून आहेत, धरणं फुटली, गुरं वाहून गेली. ‘अन्नदा’चं नाव छापून आलं. मोहल्ल्यात सगळे म्हणाले, लहानूनं नाव काढलं. मला वाईट वाटायला हवं होतं, अभिमान वाटायला हवा होता. तुला खरं सांगतो, मला त्या लोकांचा राग आला. त्यांचा पूर याच महिन्यात यायचा होता का? घरी येऊन तुझ्या मामीला तसं बोललो, तर ती मला म्हणाली की छपरावर पण कोणाची तरी माय बसली असंल. ती आता फक्त कण्यांची पेज घेते, तीही माझी समजूत म्हणून.

आता कार्डाचं ऐक. स्टेशनवर टपालाच्या पिशव्या चढवणारा बापूराव आहे ना, त्याला विचारलं की कोचीनला कार्ड लवकर कसं जाईल. तो म्हणाला, साध्या कार्डाला कोण विचारतं, कुठंही पडून राहतं. पण कोपरा फाटलेलं कार्ड कोणी अडवत नाही. मेल्याची खबर आपल्या हाताखाली ठेवायची कोणाची छाती नाही, ते हातोहात पुढे जातं.

म्हणून मी कोपरा फाडला. फार नाही, नखाएवढा. पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरात लिहिलं की तुझी माय जिवंत आहे, कोपरा फक्त घाईसाठी फाडला आहे, हे कार्ड कप्तानाला दाखव आणि निघ. आपण तर आता त्या जुन्या रीती सोडल्या. मग कोपरा म्हणजे नुसता कागदच की नाही? मला वाटतं युक्ती चांगली झाली. तुझी मामी झोपली होती, तिला दाखवलं नाही.

उत्तर लवकर दे. चालू महिन्यात तो येईल असं मनाला समजावलं आहे.
तुझा मामा,
चिंधू


मुंबई
ता. १४ जानेवारी १९५८

ती. मामांना नमस्कार.

मामा, हे काय करून बसलात!

माझी माय गेली तेव्हा तुम्हीच मला कोपरा फाडलेलं कार्ड पाठवलं होतं. चाळीत पोस्टमननं ते हातात दिलं. मी कोपरा पाहिला, कार्ड तिथंच फाडलं, नळाखाली जाऊन बसलो. तुम्ही त्यात काय लिहिलं होतं ते मला आजपर्यंत ठाऊक नाही. असं कार्ड आपल्यात कोणी वाचत नाही, मामा. अक्षरं नंतर, कोपरा आधी. रीत सोडली ती तोंडानं सोडली, हाताला ते अजून कळलेलं नाही. तुमचा हात ‘श्री’ लिहायला जातो तसंच ते आहे. आणि लहानूला तर मीच ओरडून सांगून ठेवलं आहे की दुखणं मोठं आहे.

तुमचं पत्र वाचल्या वाचल्या मी कोचीनला तार केली. संध्याकाळी कळलं की ‘अन्नदा’ काल माल भरून सिलोनकडे गेली. आता ती त्रिंकोमालीला लागेल. तिथं एक तार आणि एक पत्र टाकलं आहे. त्यानं कार्ड वाचलं असेल, उगाच मी भितो आहे, असं आपण धरून चालू. कदाचित तो कोचीनलाच उतरला असेल आणि गाडीत असेल. तसं असेल तर हे पत्र पोचायच्या आधी तो पोचेल. रोज गाडीवर कोणाला तरी पाठवत जा.

मामीला यातलं काही सांगू नका.
प्रेमदास


त्रिंकोमाली, ‘अन्नदा’ जहाज
ता. २० जानेवारी १९५८

ती. बाबांच्या पायी लहानूचा नमस्कार.

तुमचं कार्ड मला १२ तारखेला कोचीनला मिळालं. मी भटारखान्यात कांदे चिरत होतो. पोऱ्यानं आणून दिलं तेव्हा कोपरा पाहिला. आपण आता मानत नाही हे मला ठाऊक आहे, पण वाचायचं धाडस झालं नाही. वाचून काय होणार होतं? तसंच नेऊन कठड्यावरून पाण्यात सोडलं आणि डोक्यावर बादली ओतून घेतली. केस काढले नाहीत. मायनंच दीक्षेनंतर तुमच्या हातून पत्रात कळवलं होतं की आता हे काही करायचं नाही. एक दिवस जेवलो नाही तेवढं मात्र झालं.

बाबा, तुम्हाला सांगायला नको होतं, पण सांगतो. त्याच दिवशी सकाळी कप्तानानं मला सुट्टी दिली होती. मुंबईच्या भेटीपासून माझं तोंड पाहून त्याला दया आली असावी. रेल्वेचा पास माझ्या पेटीत होता. दुपारी कार्ड आलं, आणि मी पास परत नेऊन दिला. माय नाही तर आता येऊन काय पाहू? तुमच्यासमोर उभं राहायचं बळ नव्हतं. एक खेप करून येतो म्हणालो होतो, तिनं थांबायला पाहिजे होतं असं रागानं मनात आलं, मग त्याचीच लाज वाटली. कप्तानानं विचारलं की जहाजाला सहा महिने माणूस हवा आहे, मी सही केली.

इथं पाणी उतरलं आहे, पण चिखल कंबरेएवढा आहे. आम्ही माल उतरवतो आणि शाळेच्या पटांगणात चुली लावून शिजवतो. परवा आठशे माणसांची खिचडी मी एकट्यानं उतरवली. त्यांची भाषा कळत नाही. एक म्हातारी ताट घेऊन रोज माझ्याच रांगेत येते. तिला वाढलं की ती माझ्या मनगटाला हात लावून बघते, भाजलं तर नाही म्हणून. चुलीवर हात भाजायची माझी सवय मायला ठाऊक होती. या म्हातारीला कसं कळलं कोण जाणे. काल ती आली तेव्हा मी दुसऱ्याच्या हातात पळी दिली, मागं पोत्यांच्या थप्पीआड गेलो आणि मोठ्यानं रडलो. इथं सगळेच रडलेले आहेत.

मायला शेवटी त्रास झाला का, ते मला कधी लिहू नका. झाला नाही असंच मी धरतो.

माझी काळजी करू नका, तुमची तेवढी घ्या.
तुमचा लहानू


सिंदी (रेल्वे)
ता. ५ फेब्रुवारी १९५८

चि. प्रेमदास यास आशीर्वाद.

लहानूचं पत्र काल आलं. पाकिटावर परक्या मुलखाचं तिकीट, म्हणून पोस्टमन दारातूनच ओरडला आणि तुझ्या मामीनं ऐकलं. मी बाहेर उभ्यानं वाचायला लागलो. चौथ्या ओळीला सगळं कळलं, तरी शेवटपर्यंत वाचलं. आतून ती विचारत होती की काय लिहिलं, मोठ्यानं वाचा.

मग मी तिच्याजवळ बसून वाचलं. कागद समोर धरला आणि मनचं वाचलं. माय कशी आहेस, मी खुशाल आहे, इथं खिचडी शिजवतो, पुढच्या महिन्यात येतो. माझं शिक्षण दुसरीपर्यंतचं, मला लिहिलेलं वाचतानाच घाम फुटतो. न लिहिलेलं वाचायला लागलो तर काय होणार! ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, पुन्हा एकदा वाचा. पुन्हा वाचताना मला आधीचं आठवेना. खिचडीच्या जागी भात आला, महिन्याच्या जागी पंधरा दिवस आले. तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहत राहिली.

छत्तीस वर्षांच्या संसारात तिच्यापुढे माझं एक खोटं टिकलं नाही. मी सगळं सांगितलं. कार्ड, कोपरा, बापूराव, सगळं. मला वाटलं ती शिव्या देईल, मीच दे म्हटलं. तिनं उलट सांगितलं की आता खरं आहे ते वाचा, एक अक्षर गाळू नका.

मी वाचलं. बादली वाचली, पास परत दिल्याचं वाचलं, म्हातारीचं वाचलं, पोत्यांच्या थप्पीआडचं वाचलं. तो भाग तिनं तीन वेळा वाचायला लावला. शेवटी म्हणाली, “आपून मेल्यावर आपल्यासाठी कोन किती रडलं, हे कोनाले आयकू येते? मले आलं. त्याचं रडनं होऊन गेलं आता. त्याले दुसऱ्यांदा रडवू नका.”

मी तिला हो म्हणालो. तिच्यापुढे नाही म्हणायची माझी ऐपत राहिलेली नाही. पण बाहेर येऊन लगेच हे दुसरं पत्र लिहिलं, ते सोबत बंद पाकिटात आहे. त्यात लिहिलं आहे की माय जिवंत आहे, बापाकडून चूक झाली, असशील तिथून ये. जहाज जिथं असेल तिथं हे पोचव. तिला कळू द्यायचं नाही. ती एवढ्यात जात नाही, अजून होळीला महिना आहे.

लक्ष्मणराव म्हणतात, जहाज आता मद्रास ते सिलोन अशा फेऱ्या करतं. मी नकाशावर मद्रास शोधून ठेवलं आहे.

तुझा चुकलेला मामा,
चिंधू


सिंदी (रेल्वे)
ता. २१ फेब्रुवारी १९५८

चि. प्रेमदास यास आशीर्वाद.

या पत्राचा कोपरा फाडलेला नाही, तरी खबर तीच आहे. तुझी मामी परवा, १९ तारखेला, बुधवारी सकाळी गेली. अंगणात उन्हात बाज टाकून दिली होती. मी आंब्याच्या मोहराची फांदी आणून दाखवली, तिनं वास घेतला. पेज आणायला आत गेलो तेवढ्यात झालं.

त्रास झाला. शेवटचे आठ दिवस फार झाला. हे तुला लिहितो, कारण कोणाला तरी लिहायला पाहिजे.

त्या आठ दिवसांत तिनं लहानूचं नाव काढलं नाही. जहाजाचं मात्र रोज विचारायची. आज कुठं आहे, काय चढवलं, किती उतरवलं. मला जेवढं पेपरातून कळलं होतं ते मी सांगायचो. शेवटी पेपरात ‘अन्नदा’चं नाव यायचं बंद झालं. पूर जुना झाला, म्हणून छापत नसतील. तरी मी दुकानात जाऊन येऊन तिला काहीतरी सांगायचो, आणि ती ते खरं धरायची. किंवा तसं मला दाखवायची.

मोहल्ल्यातले सगळे आले. बुद्धवंदना झाली. मला पाठ नाही, मी नुसते ओठ हलवले.

त्या बंद पाकिटाचं काय झालं? लहानूला मिळालं का? मिळालं असेल तर तो वाटेत असेल, आणि इथं येऊन रिकामी बाज पाहील. मिळालं नसेल तर बरं, असंही मनात येतं. तू काय ते कळव.

चिंधू


मुंबई
ता. ३ मार्च १९५८

ती. मामांना प्रेमदासचा नमस्कार.

मामीचं वाचून दोन दिवस कामावर गेलो नाही. त्यामुळे उत्तराला उशीर झाला.

तुमचं पाकीट मी मद्रासला पाठवलं होतं. ते पोचलं तेव्हा जहाज सिलोनला होतं. तिथं पाठवलं तर जहाज मद्रासला आलेलं. माझी कोचीनची तार जहाज गेल्यावर पोचली, आणि त्रिंकोमालीकडच्या तारा पुरानं तुटलेल्या, म्हणून तिथली तार आणि पत्रही जहाज हलल्यावरच पोचलं. असं ते जहाजामागे फिरत फिरत काल मुंबईच्या बंदर कचेरीत परत आलं, आणि कालच ‘अन्नदा’ही मुंबईत आली. दोघं एका दिवशी. पाकीट मी सोडवून घेतलं, ते आता माझ्या खिशात आहे. फोडलेलं नाही.

लहानू माझ्याच खोलीवर आहे. बॉयलरच्या दुरुस्तीसाठी जहाज १५ तारखेपर्यंत थांबणार, आणि त्याला दहा दिवसांची सुट्टी मिळाली आहे. जहाजावर सगळे त्याला मानतात. त्यानं मला विचारलं, माय कोणत्या तारखेला गेली. माझ्या तोंडून निघालं, आठ जानेवारी. तुम्ही कार्ड टाकलं ती तीच तारीख ना. त्यानं वहीत लिहून घेतली. मामा, मी मुद्दाम बोललो नाही, पण बोलून गेलो.

आता तो म्हणतो की बाबांना भेटायला सिंदीला जातो. बाबा एकटे आहेत, त्यांच्याजवळ आठ दिवस बसतो. तिकिटाला जातो म्हणाला, मी आज गर्दी आहे, उद्या गर्दी आहे असं सांगून थांबवलं. पण किती दिवस थांबवू? तो सिंदीला उतरला की स्टेशनवरचा पहिला माणूस त्याला सांगेल की तुझी माय जाऊन पंधरा दिवस झाले. मग तो बोटं मोजेल. सुट्टीचा पास हातात असताना आणि परत दिला तेव्हाही ती जिवंत होती, वाट पाहत होती, हे त्याला कळेल. मी त्याला ओळखतो. तो जहाजावर परत जाईल, पण भटारखान्यात नाही, कठड्यावरून जाईल अशी मला धास्ती वाटते.

एकीकडे वाटतं की खरं सांगावं, पाकीट हातात द्यावं, खोट्यावर कोणाचं मरण ठेवू नये. दुसरीकडे मामीचे शब्द आठवतात. मला ठरवता येत नाही. तुम्ही बाप आहात. उलट टपाली लिहा.

आपला,
प्रेमदास


सिंदी (रेल्वे)
ता. ७ मार्च १९५८

चि. प्रेमदास यास आशीर्वाद.

पाकीट चुलीत घाल. सोबतचं पत्र लहानूला दे.

तिनं सांगितलं म्हणून मी हे करतो, असं तुला वाटेल. तसं मलाही वाटावं अशी माझी खटपट आहे. पण यात माझीच चूक झाकली जाते, हे मला कळतं. तुला कळतंच. दोघांनीच ठेवायचं.

मामा


सिंदी (रेल्वे)
ता. ७ मार्च १९५८

चि. लहानू यास बाबाचे आशीर्वाद.

तू मुंबईत सुखरूप आलास हे प्रेमदासनं कळवलं. बरं वाटलं. हात भाजत असतील तर खोबरेल लावत जा.

तुझी माय आठ जानेवारीला गेली. बुधवार होता, एवढं मला पक्कं आठवतं. सकाळ होती. ती उन्हात बाजेवर होती आणि मी पेज आणायला आत गेलो होतो. तुझ्या म्हणण्याप्रमाणे त्रास झाला नाही.

तू इकडे यायचं म्हणतोस. येऊ नकोस. मी हिंगणघाटला तुझ्या मामाकडे राहायला जातो आहे, सामान बांधलं आहे. घराला कुलूप राहील. कुलुपाला भेटायला एवढा खर्च आणि एवढा प्रवास कशाला? सुट्टीत प्रेमदासकडे आराम कर, त्याच्या बायकोला तुझ्या हातची खिचडी करून घाल. मग जहाज सुटेल तेव्हा त्यावर जा. सहा महिन्यांची सही आहे ती पूर्ण कर. त्यानंतर पुन्हा सही मागितली तर तीही कर. तिकडे तुझ्या हाताची गरज आहे. इथं आता कोणाला नाही. मोहल्ल्यात कोणाला पत्र लिहू नकोस, सगळे आपापल्या कामात असतात. मला लिहायचं ते प्रेमदासकडे दे, तो पोचवील.

तू येत नाहीस याचं मनाला लावून घेऊ नकोस. मीच नको म्हणतो आहे.

तुझं त्रिंकोमालीचं पत्र पोचलं. घरात मोठ्यानं वाचलं. सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

बापाला विसरलास तरी चालेल, जेवण वेळेवर कर.
तुझा बाबा,
चिंधू